एक काठी, तीन इयत्ता

बालभारतीची सहावी, सातवी आणि आठवीची भूगोलाची पुस्तकं शेजारी ठेवून प्रत्येकातला पहिला पाठ उघडून पाहावा. 2016 ते 2018 या तीन वर्षांत आलेली ही पुस्तकं. सहावीचा पहिला पाठ ‘पृथ्वी आणि वृत्ते’, सातवीचा ‘ऋतुनिर्मिती’चा पहिला भाग आणि आठवीचा ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’. तिन्ही वर्गांच्या तासिका वेगळ्या, वह्या वेगळ्या, पुष्कळदा शिक्षकही वेगळे. पण पटांगणात मीटरभर उंचीची काठी सरळ रोवली की हे तिन्ही पाठ एकाच ठिकाणी येऊन उभे राहतात. आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत, ऋतू का बदलतात, घड्याळ आणि सूर्य यांची वेळ का जुळत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्या काठीच्या सावलीत आहेत.

उच्च प्राथमिक शाळांमध्ये पहिल्या सत्रात काय चालतं, असं कोणी विचारलं तर प्रवेश, पुस्तकवाटप, घटक चाचणी, पंधरा ऑगस्ट, शिक्षक दिन, सत्र परीक्षा अशी यादी सांगता येईल. मला मात्र या काठीबद्दल सांगायचं आहे. या सत्रातलं सगळ्यात मोलाचं शिक्षण तिच्याभोवती होऊ शकतं, आणि सगळ्यात आधी तेच बाजूला पडतं.

सातवीच्या पुस्तकाने ‘ऋतुनिर्मिती’ दोन भागांत विभागली आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पहिला भाग वर्षाच्या आरंभी येतो. त्यात मुलांनी दिवस-रात्रीच्या नोंदी आणि सूर्याच्या जागेची निरीक्षणं करायची. दुसरा भाग बराच पुढे येतो आणि तो त्या नोंदींच्या आधारावर शिकायचा. म्हणजे हा पाठ तीन तासिकांत संपवता येत नाही, पुस्तकानेच तशी व्यवस्था केली आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना पाच-सहा महिने एकाच गोष्टीच्या मागावर राहायला लावणारा दुसरा पाठ मला या तीन इयत्तांत दिसत नाही.

सुरुवात 21 जूनला व्हायला हवी. त्या दिवशी योग दिन असल्याने सकाळी सगळी शाळा आपसूकच मैदानावर असते. वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तोच: पुण्यात सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरअखेरीचा सर्वांत लहान दिवस जेमतेम अकरा तासांचा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, त्यामुळे तिथे हा दिवस बहुधा हुकतो. काही दिवसांनी सुरुवात केली तरी सावलीत फारसा फरक पडत नाही, कारण या काळात सूर्य उत्तरेच्या टोकाशी जवळजवळ रेंगाळत असतो.

त्या दिवशी ऊन असेल, तर पुण्यातल्या मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली नऊ सेंटिमीटरपेक्षाही कमी भरते आणि ती पडते दक्षिणेला. मुलं इथे अडखळतात, आणि अडखळायलाच हवीत. दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सावली उत्तरेला पडते, हे त्यांनी वर्षभर पाहिलेलं असतं. मग आज उलटं कसं? उत्तर सहावीच्या पाठात आहे. कर्कवृत्त गुजरात आणि मध्य प्रदेशातून जातं. महाराष्ट्र सगळाच त्याच्या दक्षिणेला. म्हणून सूर्य आपल्या डोक्यावरून वर्षातून दोनदा जातो, एकदा उत्तरेला जाताना आणि एकदा परतताना. दिल्लीच्या मुलांना हे कधीच पाहायला मिळत नाही. परतीचा हा शून्य सावलीचा दिवस नागपूरला जुलैच्या मध्याला येतो, पुण्यात जुलैअखेर आणि सिंधुदुर्गात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास.

नेमका तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो. मे महिन्यातल्या शून्य सावलीला ऊन असतं, पण शाळा बंद. जुलैमध्ये शाळा सुरू, तर आभाळ भरलेलं. कोकणात आठवडेच्या आठवडे काठीला सावली मिळत नाही. अनेक ठिकाणी उपक्रम इथेच सुटतो. तो सुटू नये म्हणून दुसरी नोंद ठेवायची असते. दिनदर्शिकेत किंवा वर्तमानपत्रात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. त्या रोज वर्गाच्या फळ्यावर लिहायच्या, दिवसाचे तास-मिनिटं वजाबाकीने काढायची आणि वहीत उतरवायची. वेळेची वजाबाकी करताना सातवीतली मुलंही चुकतात. साठाऐवजी शंभराने हातचा घेतात. महिनाभर रोज एक गणित सोडवलं की ती चूक निघून जाते आणि दिवस कमी होत चालल्याचंही वहीत दिसू लागतं. ‘पाऊस आहे, नोंद नाही’ हीसुद्धा नोंदच असते. कोरी जागा कल्पनेने भरायची नाही, हे मुलांना इथे शिकवता येतं.

काठीचं खरं काम गणपती उठल्यावर, सप्टेंबरच्या उघडिपीत सुरू होतं. काठी रोवताना पहिली अडचण येते ती सरळपणाची. डोळ्यांना सरळ दिसणारी काठी ओळंबा लावला की हमखास कललेली निघते. गवंड्याचा ओळंबा नसेल तर सुतळीला दगड बांधला तरी चालतो. मग काठीच्या बुंध्याला सुतळीचा सैल फास अडकवून पन्नास सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने आखायचं, कबड्डीचं मैदान आखतात त्याच फक्कीने. सप्टेंबरअखेर पुण्याच्या आसपास अकरा वाजून गेले की काठीच्या सावलीचं टोक या वर्तुळाला बाहेरून येऊन टेकतं. तिथे खिळा ठोकायचा. सावली आखडत आत जाते, पुन्हा लांबते आणि पावणेदोनच्या सुमाराला वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. तिथे दुसरा खिळा. दोन्ही खिळ्यांना जोडणारी सुतळी म्हणजे पूर्व-पश्चिम रेषा. त्या रेषेचा लंबदुभाजक काढला की तो नेमका काठीच्या बुंध्यातून जातो, आणि ती दक्षिणोत्तर रेषा.

सातवीच्या गणिताचा पहिला पाठ आहे ‘भौमितिक रचना’, आणि त्यात लंबदुभाजक आहे. जूनमध्ये वहीत कंपासने काढलेला लंबदुभाजक सप्टेंबरमध्ये मैदानावर सुतळीने काढला की तो कशासाठी शिकायचा, हा प्रश्न उरत नाही.

ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. यज्ञवेदीच्या दिशा ठरवण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात शंकू, म्हणजे सरळ रोवलेली काठी, आणि वर्तुळाची हीच कृती सांगितली आहे. 1114 मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त शंकूच्या सावलीची गणितं देणारं ‘छायाव्यवहार’ नावाचं प्रकरणच आहे. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. जळगावच्या शाळांनी सप्टेंबरची सहल तिकडे नेली, तर काठीचा उपक्रम आणि सहल एकाच कामात होतील.

आता 22-23 सप्टेंबर. सूर्य विषुववृत्तावर. त्या दिवशी मध्यान्हीला काठीच्या टोकाशी सूर्यकिरणाचा जो कोन होतो, तेवढंच त्या गावाचं अक्षवृत्त. सहावीच्या मुलांना त्रिकोणमिती येत नाही, पण कोनमापक येतो. काठी दहा सेंटिमीटर धरून वहीत प्रमाणात काटकोन त्रिकोण काढायचा आणि वरचा कोन मोजायचा. कोल्हापुरात मीटरभर काठीची सावली तीस सेंटिमीटर येते आणि कोन सतराच्या थोडा आत. धुळ्यात सावली अडतीस सेंटिमीटर आणि कोन एकवीसच्या जवळपास.

ही दोन गावं मी मुद्दाम निवडली. त्यांची रेखावृत्तं जवळजवळ सारखीच आहेत. सरळ रेषेत त्यांच्यातलं अंतर सुमारे 465 किलोमीटर आणि कोनातला फरक सुमारे 4.2 अंश. तीनशे साठला 4.2 ने भागून 465 ने गुणलं की पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतो. सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सावलीच्या आधाराने असाच परीघ काढला होता. आपल्या दोन जिल्हा परिषद शाळांनी एकमेकींना फोन करून आपापली सावली कळवली, तर तेच काम एका दुपारी होतं. मुलांच्या मोजमापात एका अंशाची चूक झाली, तर उत्तर हजारो किलोमीटरनी हुकेल. हुकू द्यावं. मग काठी वाकडी होती का, टोकाची सावली पुसट होती का, मोजपट्टी कुठे धरली होती, हे शोधण्यातच विज्ञान आहे.

आठवीचं काम घड्याळाशी आहे. सगळ्यात आखूड सावली किती वाजता पडते, ते त्यांनी दर आठवड्याला नोंदवायचं. पुण्यात ती बाराला पडतच नाही. जूनमध्ये बारा वाजून छत्तीस मिनिटांच्या सुमारास पडते, मुंबईत आणखी चार मिनिटांनी, तर नागपुरात सव्वाबाराच्या आसपास. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं आहे आणि सूर्य ज्या त्या गावाचा, हे मुलं स्वतःच मांडतात. ऑक्टोबर संपता संपता पुण्यातली आखूड सावली सव्वाबाराच्या जवळ आलेली दिसते. पुस्तकात याचा खुलासा नाही. पृथ्वीचा वेग वर्षभर सारखा नसतो आणि तिचा आस कललेला आहे, एवढं सांगून शिक्षकांनी प्रश्न खुला ठेवावा.

एवढं सगळं शक्य आहे, मग होत का नाही? मुख्य कारण तासिका. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत अकराचा खिळा आणि पावणेदोनचा खिळा बसत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक वर्गांसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा असे वेगवेगळे शिक्षक सांगितले आहेत, ते योग्यच आहे. पण काठीचा भूगोल एकाकडे आणि लंबदुभाजक दुसऱ्याकडे. दोघांनी टाचण काढतानाच एकत्र बसलं नाही, तर काठी कोणाचीच राहत नाही. बाकीचा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो, ही शिक्षकांची तक्रार मला रास्त वाटते.

मूल्यमापनाची मात्र अडचण नाही. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. आकारिक मूल्यमापनात दैनंदिन निरीक्षण, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प या सगळ्यांना जागा आहे. सहावीला त्याचं वजन निम्मं, सातवी-आठवीला चाळीस टक्के. व्यवहारात प्रकल्प म्हणजे दुकानातून आणलेला तक्ता किंवा सायबर कॅफेत छापलेली पानं, रंगीत कव्हर आणि वर नाव. त्यापेक्षा चिखलाचे डाग पडलेली, मधल्या काही ओळी रिकाम्या असलेली सावलीची वही कितीतरी अस्सल. 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांतल्या पाठांनंतर कोरी पानं घालून ‘माझी नोंद’ सुरू झाली आणि जानेवारी 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. नोंद करायला पुस्तकातच पान हवं असं नाही, चार आण्यांच्या जुन्या उरलेल्या वहीतही ती होते. पण तिला गुण मिळायला हवेत आणि ते देण्याचा अधिकार आजही शिक्षकाच्या हातात आहे.

दिवाळीला सत्र संपतं, सावली लांबतच राहते. सुट्टीत शाळेच्या जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांवर मोजण्याचं काम सोपवावं. पुन्हा शाळा भरेपर्यंत पन्नास सेंटिमीटरचं वर्तुळ अपुरं पडलेलं असतं. मध्यान्हीची सावलीही त्याच्या बाहेर जाते. मोठं वर्तुळ आखावं लागतं. 22 डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीआधी, शाळा बहुधा चालू असते. पुण्यात त्या दुपारी मीटरभर काठीची सावली उत्तरेला नव्वद सेंटिमीटर भरते, म्हणजे जूनच्या सुमारे दहापट आणि विरुद्ध दिशेला. त्या आठवड्यात सातवीच्या शिक्षकांनी ‘ऋतुनिर्मिती’चा दुसरा भाग काढावा आणि पुस्तक उघडण्याआधी मुलांच्या वह्या उघडायला सांगाव्यात.