बसल्या जागी सायकलफेरी

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोंगरांच्या कुशीत वसलेले बर्गन हे बंदर तेथील पावसासाठी प्रसिद्ध आहे. वर्षातील दोनशेहून अधिक दिवस तेथे पाऊस पडतो. ऐन हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि रस्ते निसरडे होतात. अशा गावात पंच्याऐंशी वर्षांच्या, काठीच्या आधाराने चालणाऱ्या गृहस्थाने व्यायामासाठी बाहेर पडावे, असे कोणी सुचविणार नाही. मात्र याच शहरातील वृद्धसेवागृहांत असे गृहस्थ खुर्चीवर बसल्या बसल्या बंदरावरून, जुन्या लाकडी घरांच्या गल्ल्यांतून आणि फ्योर्डच्या काठाने सायकलफेरी करून येतात.

या फेरीची साधने तशी साधीच आहेत. जमिनीवर ठेवावयाचे पेडलचे एक यंत्र असते. त्याला बसण्याची गादी नसते. वृद्ध व्यक्ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर किंवा चाकांच्या खुर्चीवर बसते, तिची पावले पट्ट्यांनी पेडलवर बसविली जातात, आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर एखाद्या खऱ्या रस्त्याचे चित्रीकरण सुरू होते. रस्त्यावरचे आवाज ऐकू येतात; हवे असल्यास त्या काळची गाणीही लावता येतात. रस्ता समोरून सरकत येतो आणि पाय आपोआप चालू लागतात. २०१३ साली बर्गन येथे स्थापन झालेल्या ‘मोटीटेक’ या कंपनीने ही व्यवस्था ‘मोटीव्ह्यू’ या नावाने प्रचारात आणली. पुढे ती ब्रिटन, कॅनडा आदी देशांतील सेवागृहांतही पोहोचली. स्वीडनमधील हालांड प्रांतात तयार झालेल्या ‘बाइकअराउंड’ या यंत्रात याच कल्पनेला थोडे वेगळे रूप मिळाले. तेथे पेडल व हँडल गूगलच्या रस्ते-चित्रांशी जोडलेले असतात. हवा तो पत्ता सांगावा, आणि अर्धगोलाकार पडद्यावर उमटलेल्या त्या गल्लीतून स्वतः वळणे घेत जावे.

हा सारा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. व्यायामच करावयाचा तर नुसते पेडल मारले तरी भागेल! या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी वृद्धसेवागृहातील एका सामान्य दिवसाचा विचार करावयास हवा. सकाळी उठवून खुर्चीत बसविले जाते. न्याहरी, जेवण, चहा जागेवर येतो. पाण्याचा पेला हातात दिला जातो. यात कोणाची हयगय नसते. उलट, ‘आता तुम्ही आराम करा, काही लागले तर आम्ही आहोत,’ या वाक्यामागे माया आणि आदर असतो. आपल्या घरोघरी हे वाक्य ऐकू येते. परंतु म्हाताऱ्या स्नायूंना ही माया मानवत नाही.

तिशीनंतर मनुष्याच्या स्नायूंचे वस्तुमान दर दशकास सुमारे तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. अंथरुणावर पडून राहिल्यास तर ही घट झपाट्याने होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस पूर्ण विश्रांती देण्यात आली, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो मांस झडल्याचे आढळले. ते सर्वजण धडधाकट होते, हे येथे ध्यानात घ्यावे. सेवागृहातील अशक्त वृद्धाजवळ एवढी शिल्लक नसते. मांडीतील ताकद आणखी थोडी उणावली की तो खुर्चीतून आपणहून उठू शकत नाही, आणि उठता न येणे याचा रोकडा अर्थ शौचास जाण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहणे असा होतो. वार्धक्यातील स्वावलंबन म्हणजे पुष्कळदा एवढीच एक गोष्ट असते. ती गेली की मनुष्य मनानेही खचतो.

तथापि ही घसरण अटळ नाही. बोस्टन येथील एका सेवागृहात शंभर रहिवाशांवर करण्यात आलेला अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. रहिवाशांचे सरासरी वय ८७ होते. त्यांच्यापैकी ज्यांना दहा आठवडे पायांचे भारयुक्त व्यायाम देण्यात आले त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली आणि चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. तो व्यायाम सायकलचा नव्हता, वजन उचलण्याचा होता, हे खरे. पण नव्वदीच्या उंबरठ्यावरील स्नायूदेखील मागणी केल्यास प्रतिसाद देतो, ही गोष्ट त्यातून निःसंशय सिद्ध झाली.

अडचण आहे ती ही मागणी रोजच्या रोज करण्याची. व्यायामाचे महत्त्व पटवून दिल्याने फारसे कोणी व्यायाम करीत नाही. तरुणही करीत नाहीत! त्यात नॉर्वेमधील शुश्रूषागृहांच्या रहिवाशांपैकी सुमारे पाचांत चार जणांना कमी-अधिक प्रमाणात स्मृतिभ्रंश असतो. ‘गुडघ्यासाठी चांगले आहे, पंधरा मिनिटे पेडल मारा,’ हे सांगणे त्यांच्या बाबतीत पाचव्या मिनिटाला विसरले जाते. रस्त्याचे तसे नाही. रस्ता समोर असेपर्यंत पुढे जाण्याचे कारणही समोरच असते. त्यातून तो रस्ता त्यांच्या शाळेचा, जुन्या कारखान्याचा किंवा माहेरच्या गावाचा असेल, तर ओळखीच्या खुणा बोलावयास लावतात. स्मृतिभ्रंशात अलीकडच्या गोष्टी आधी पुसल्या जातात आणि बालपण-तारुण्यातील आठवणी तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. पडद्यावरील जुनी गल्ली नेमकी या टिकून राहिलेल्या आठवणींना साद घालते.

पडद्याचा स्वतंत्र असा काही लाभ होतो काय, याचा शोध अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात घेण्यात आला. ज्येष्ठांच्या वसाहतींतील १०२ रहिवाशांनी त्यात नाव नोंदविले आणि ६३ जणांनी तो पूर्ण केला. काहींना साधी व्यायामाची सायकल देण्यात आली, तर काहींना पडद्यावरील फेरीची. तीन महिन्यांच्या अखेरीस दोन्ही गटांचे शारीरिक श्रम जवळपास सारखेच भरले. तरीही नियोजन करणे, लक्ष एकीकडून दुसरीकडे वळविणे अशा बौद्धिक चाचण्यांत पडद्यासह सायकल चालविणाऱ्यांनी अधिक प्रगती दाखविली. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मंडळी स्वतंत्रपणे राहणारी व हिंडती-फिरती होती. त्यामुळे त्याचे निष्कर्ष सेवागृहातील दुर्बल वृद्धांना जसेच्या तसे लागू करणे घाईचे ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बर्गनच्या प्रयोगाला आणखी एक रंगत आहे. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये त्या शहरात रस्ता-सायकलिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. तिच्या पाठोपाठ सेवागृहांतील वृद्धांसाठीही जागतिक स्पर्धेची कल्पना आकारास आली. निरनिराळ्या देशांतील सेवागृहे ठराविक काळात आपापल्या रहिवाशांनी तोडलेल्या किलोमीटरांची नोंद करतात आणि त्यांची क्रमवारी लावली जाते. ऐंशी-नव्वदीतील स्पर्धक आपल्या सेवागृहाची इभ्रत राखण्यासाठी दुपारची झोप सोडून पेडल मारू लागले, तर त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्यांच्याकडून जगाने काही अपेक्षा करावयाचे सोडून दिलेले असते, त्यांच्याकडून येथे रोजच्या किलोमीटरांची अपेक्षा केली जाते.

या साधनाच्या मर्यादाही सांगावयास हव्यात. बसून पेडल मारल्याने तोल सुधारतो, असे मानता येत नाही. आणि वृद्धांचे पडणे हे बहुतांशी तोल जाण्यातून घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमांबरोबर तोल व ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस सुचविलेले आहेत. तेव्हा आधार धरून उभे राहणे, खुर्चीतून उठ-बस करणे यांना सायकलफेरी हा पर्याय नव्हे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली गुडघ्याची शस्त्रक्रिया असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सरकत्या चित्राने काहींना घेरी येते. चाकांच्या खुर्चीचा ब्रेक लावला आहे ना आणि यंत्र जमिनीवर घसरत नाही ना, हे दरवेळी पाहावे लागते. आणखी एक गोष्ट. जुनी वाट दाखविली म्हणजे आनंदच होईल असे नाही. त्या वाटेवरच्या घरात आता कोणीच उरलेले नाही, हे एखाद्याला त्या क्षणी आठवते आणि डोळे भरून येतात. अशा वेळी शेजारी माणूस हवा.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या एक कोटीहून अधिक होती. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ व कल्याण कायद्याच्या कलम १९ मध्ये, किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने उभारता येईल, अशी तरतूद आहे. अशा संस्थांना परदेशी यंत्रणेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पेडलचे साधे यंत्र वैद्यकीय साहित्याच्या दुकानांत मिळते आणि दूरचित्रवाणी संच बहुतेक वृद्धाश्रमांच्या दिवाणखान्यात असतोच. उरले चित्रीकरण. मोबाइल घट्ट बसवून सावकाश चालविलेल्या दुचाकीवरून पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता टिपता येतो. हिसके बसू नयेत आणि रस्त्याचे मूळ आवाज तसेच राहू द्यावेत, एवढे पथ्य पाळावे. कोणता रस्ता टिपावा, हे मात्र कार्यालयात ठरवू नये. रहिवाशांना विचारावे. कोणी एस. टी. स्थानकापासून बाजारपेठेतून देवळापर्यंतची वाट सांगेल, कोणी गिरणीची, कोणी नदीच्या घाटाची.

खर्चाचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. खरा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. पावले पट्ट्यांत अडकविणे, शेजारी बसणे, ‘हे कोणाचे दुकान हो?’ असे विचारणे आणि थकवा दिसताच थांबविणे, या कामासाठी सकाळच्या चहानंतरचा ठराविक तास आणि ठराविक व्यक्ती नेमून दिलेली असावी लागते. ती नसली तर यंत्र उद्घाटनानंतर महिनाभर चालते, मग कोपऱ्यात जाते, आणि पुढे त्यावर पंचे वाळत पडतात.