नदीच्या कडेकडेने सायकल

आज आम्ही सायकलबद्दल बोलणार आहोत. आणि तेही चाकण, पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या, जिथे पायी रस्ता ओलांडायचा तरी पदर खोचून चारदा दोन्हीकडे बघावं लागतं. "इथे सायकल? जिवावर उदार झालात का?" असं कुणी म्हणेल. हायवेपुरतं ते खरंच आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर नवशिक्या बाईने सायकल घालावी, असं आम्ही मुळीच सांगणार नाही. पण आपला सगळा मुलूख म्हणजे हायवे नव्हे.

जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. पवना, इंद्रायणी, भामा आणि भीमा, या आपल्या चार नद्या. चारही सह्याद्रीत उगम पावतात आणि पूर्वेकडे येतात. नाशिकचा हायवे मात्र दक्षिणेकडून उत्तरेला जातो. म्हणजे तो नद्यांना आडवा जातो: मोशीजवळ इंद्रायणी, पुढे भामा, राजगुरुनगरला भीमा. कंपन्यांचा माल या आडव्या रस्त्याने पळतो. नदीच्या कडेने वर जाणारा रस्ता शेवटी कुठे पोचतो? धरणाच्या भिंतीशी, नाहीतर डोंगराच्या पायथ्याशी. पलीकडे जायला वाट नाही, म्हणून लांबच्या गाड्या तिकडे वळत नाहीत. पवन मावळात चांदखेड, आढले, शिवणे या बाजूला, अंदर मावळात टाकव्याच्या पुढे, भामा-आसखेडच्या फुगवट्याच्या वरच्या गावांकडे जी शांतता आहे, तिचं कारण एवढं साधं आहे. इंद्रायणीच्या खोऱ्यात मात्र मुंबईचा जुना हायवे, एक्सप्रेसवे आणि रेल्वे तिन्ही शिरलेत. तिथे कामशेतहून आत नाणे मावळात गेल्याशिवाय कानाला आराम नाही.

नदीकाठच्या रस्त्याचा दुसरा फायदा पायांना कळतो. नदीने हजारो वर्षं घासून जमीन सपाट केलेली असते, त्यामुळे चढ हळूहळू येतो. दम लागतो तो ओढ्यांपाशी. प्रत्येक ओढा नदीला मिळताना एक खळगा करतो. उतरा आणि लगेच चढा. उतारावर आलेला वेग पुढच्या चढाला वापरायचा. मोरीवर खडी सांडलेली नसेल तर, हे मात्र आधी बघून ठेवायचं. उतारावर दोन्ही ब्रेक मिळून हळूहळू दाबायचे. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक बहुतेक पुढच्या चाकाचा असतो. तो एकटाच कचकन दाबला तर बाई हॅण्डलवरून पुढे जाते.

वाऱ्याचंही गणित आहे. उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो, पावसाळ्यात तर तो दिवसभर असतो. म्हणून सकाळी वारा पडलेला असताना डोंगराकडे जावं आणि दुपारी खाली यावं; तेव्हा वाराही पाठीशी आणि उतारही सोबतीला. ज्यांचं काम उलट्या दिशेला, म्हणजे सकाळी खाली कंपनीकडे आणि संध्याकाळी वर घराकडे, त्यांनी परतीला जास्तीची पंधरा-वीस मिनिटं धरून चालावं.

आता महत्त्वाची गोष्ट. शांत रस्ता आणि रिकामा दिसणारा रस्ता, हे दोन वेगळे. रिकाम्या रस्त्यावर वळणाआडून खडीचा डंपर कधी येईल सांगता येत नाही. शांत रस्ता तो, ज्यावर कुठली गाडी कधी येते हे आपल्याला माहीत असतं. हे माहीत करून घ्यायला कुणा साहेबाची गरज नाही. रस्त्याकडेला घर असलेल्या गटातल्या बाईने आठवडाभर वहीत नोंद करावी: दूधगाडी कितीला, शाळेची गाडी कितीला, कंपनीच्या बसगाड्या कितीला, क्रशरचे डंपर कोणत्या दिवशी. शिफ्ट सुटण्याच्या वेळा, सकाळी सहा-सात, दुपारी दोन-तीन, या टाळायच्या. धरणाकडचे रस्ते शनिवार-रविवारी टाळायचे. पवनानगरच्या बाजूला तर पावसाळ्यातल्या रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमुळे आपलंच गाव आपल्याला ओळखू येत नाही. वाडा-भीमाशंकर रस्ता श्रावणात टाळायचा. बाकी मंगळवारची सकाळ नऊ ते बारा, तेव्हा रस्त्यावर गुरं आणि आपण.

तरी फाट्यापाशी मोठ्या गाडीशी गाठ पडतेच. कंटेनरचा ड्रायव्हर उजवीकडे, उंचावर बसलेला असतो. त्याच्या डाव्या अंगाला, दाराच्या खाली आणि मागे, बराच मोठा भाग त्याला दिसत नाही. नेमक्या त्याच बाजूने आपण जागा बघून सायकल पुढे काढतो. मग गाडी डावीकडे वळते. पुढची चाकं लांबून वळतात, पण मागची चाकं आतून, रस्त्याच्या कडेला घासून येतात आणि कडेचा माणूस चाक आणि कठडा यांच्यामध्ये सापडतो. ड्रायव्हर दुष्ट नसतो, त्याला आपण दिसलेलोच नसतो. म्हणून उभ्या कंटेनरच्या डावीकडून पुढे जायचं नाही, कितीही जागा असली तरी. मागे थांबायचं आणि त्याचा आरसा बघायचा. आरशात त्याचं तोंड आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही. हे पोरींना पाढ्यासारखं पाठ करून घ्या.

पुलांचंही बघा. नदीकाठी फिरायचं म्हणजे फरशी पूल आणि साकव आलेच. फरशीवरून पाणी वाहत असेल तर घोटाभर आहे म्हणून सायकल घालू नये, खाली फरशी शाबूत आहे की नाही हे दिसत नसतं. आणि जुन्या पुलावर गर्दी असेल तर गर्दी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावं. 15 जून 2025 ला मावळात इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जीव गेले, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही.

एवढी सगळी काळजी घ्यायची, तर मग सायकल हवीच कशाला? वस्तीपासून फाटा पाच किलोमीटर असेल तर चालत तास-सव्वा तास लागतो, सायकलीने अर्धा तास. वडापची वाट बघणं नाही, मोटरसायकलवर कुणी सोडेल का म्हणून घरातल्या पुरुषांची मनधरणी नाही. बिहारमध्ये 2006 साली सरकारने नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा नववी-दहावीत शिकणाऱ्या मुलींची संख्या या योजनेमुळे जवळपास तीस टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. आठवीनंतर मुलगी घरी बसते त्याला आपण "तिला अभ्यासात गोडी नाही" म्हणतो. कधी कधी गोडी असते, रस्ता नसतो.

बायकांचं उदाहरण त्याआधीचं आहे. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरता मोहीम चालू होती. शीला राणी चुंकत या कलेक्टरबाईंनी अक्षरांच्या जोडीने सायकल शिकवणंही त्यात घेतलं. एका जिल्ह्यात लाखभर बायका सायकल शिकल्या. त्यात शेतमजूर होत्या, खाणीत दगड फोडणाऱ्या होत्या. लोकांनी नावं ठेवली, त्या चालवत राहिल्या. त्यातल्या कित्येकींना पुरुषांची सायकलच जास्त आवडली, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येतं! आपल्याकडेही सायकल नवी नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे एकेक कारखाने आले, आणि भोंगा झाला की रस्ते सायकलींनी भरून जायचे. फक्त त्या सायकलींवर बायका नव्हत्या.

शिकायचं कसं? कॅरिअर धरून कुणी मागे पळायची जुनी रीत आहे, त्यात पळणारीच जास्त दमते. त्यापेक्षा सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळपाय जमिनीला टेकतील. पंधरा नंबरच्या पान्याने दोन्ही पायडल काढून ठेवा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. मग सीटवर बसून पायाने जमीन रेटत चालल्यासारखं पुढे जायचं. नजर समोरच्या झाडावर, चाकावर नाही. पाय जास्त वेळ वर राहायला लागले की तोल आला. मग पायडल परत लावा. साडी असेल तर काष्टा नाहीतर घट्ट ओचा, आणि मागच्या चाकाला जाळी बसवलेलीच सायकल घ्या. चेन उजवीकडे असते, निऱ्या डावीकडे खोचा. गटातून एकच सायकल घेऊन आळीपाळीने शिकलं तरी चालतं. पंप आणि पंक्चरचं सामान मात्र त्याच पैशात घ्या, नाहीतर पहिल्याच पंक्चरला ती गोठ्यात उभी राहते.

राहिला रस्ता. कडेची पांढरी पट्टी, साईडपट्टीला मुरूम, शाळेपाशी गतिरोधक आणि शाळेच्या वेळेत डंपर बंद, एवढ्या मागण्या ग्रामसभेत ठराव करून घेता येतात. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. आपला रस्ता कुठल्या यादीत आहे ते ग्रामपंचायतीत विचारून अर्जावर लिहा, नाहीतर अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहतो. सोबत ती आठवडाभराची वही जोडा. कोणता डंपर किती वाजता गेला हे तारखेनिशी लिहिलेलं असलं, की समोरच्याला "बघू" म्हणणं जड जातं.