फुगवट्याची रेघ : जलाशयाचा पाणथळ काठ आणि त्याची राखण

जलाशयाचा काठ वर्षभर एका जागी राहत नाही. श्रावणात भंडारदरा धरणाचे पाणी झाडांच्या बुंध्यांना टेकते. वैशाखात त्याच झाडांपासून पाण्यापर्यंत भेगाळलेल्या गाळाचा लांबलचक उतार पडलेला असतो. या दोन खुणांमधली जमीन काही महिने पाण्याखाली आणि काही महिने उघडी असते. धरणाच्या कागदांत तिला बुडीत क्षेत्र म्हणतात आणि पाणी ओसरल्यावर तिच्यात पीक घेतले की ती गाळपेर जमीन होते. पाणी वर चढून जिथपर्यंत पसरते तो त्याचा फुगवटा. जलाशयाचा हा पट्टा सर्वांत उथळ आणि सर्वांत जिवंत असतो, आणि भराव टाकायलाही सर्वांत सोपा असतो.

अकोले तालुक्यातले राजूर हे प्रवरा खोऱ्यातले बाजाराचे गाव. एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय इथे आहे आणि डांगी जनावरांचे प्रदर्शनही इथेच भरते. गावाच्या वरच्या अंगाला भंडारदरा आणि खालच्या अंगाला निळवंडे, अशी प्रवरेवरची दोन धरणे आहेत. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर आणि साठवण सुमारे ११ टीएमसी आहे. निळवंड्याची साठवण सुमारे सव्वाआठ टीएमसी असून त्याच्या डाव्या कालव्यात पहिल्यांदा पाणी सोडले गेले ते २०२३ च्या मे महिन्यात. पाऊस पडतो तो घाटघर आणि रतनवाडीच्या डोंगरात. घाटघरला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. पाण्याची वाट पाहणारी शेते मात्र संगमनेर, राहुरीच्या पर्जन्यछायेत आहेत. एका टोकाचा पाऊस दुसऱ्या टोकाला पोचवणारी ही साठवण डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या काठावर अवलंबून आहे.

काठाचे काम

सह्याद्रीच्या उतारावरून पावसाळ्यात येणारा ओहोळ माती, पाला आणि शेण घेऊन येतो. उतार सपाट झाला आणि गवत, लव्हाळे आडवे आले की त्याचा वेग मोडतो. जड माती तिथेच बसते आणि पुढे जाणारे पाणी निवळत जाते. खत आणि सांडपाण्यातून आलेला नत्र आणि स्फुरद पाणवनस्पती शोषून घेतात, मातीतले जिवाणू नत्राचा काही भाग हवेत सोडून देतात. काठ असा मोकळा राहिला तर धरणात कमी गाळ जातो आणि पाण्याला शेवाळाची हिरवी साय कमी धरते.

मृगाच्या पहिल्या पावसात मासे उथळ पाण्याकडे आणि ओढ्यांच्या तोंडाशी चढतात. हे चढणीचे मासे अंडी घालतात ती नुकत्याच बुडालेल्या गवतात. उथळ पाणी लवकर तापते आणि पिलांना गवताच्या आड लपता येते. पाणी खोल आणि काठ उभा असेल तर ही सोय राहत नाही. हिवाळ्यात पाणी उतरू लागले की ओल्या गाळात किडे आणि गोगलगाई उघड्या पडतात आणि त्यांच्यामागे टिटव्या, शेकाटे, ढोकऱ्या येतात. उन्हाळ्यात डोंगर पिवळे पडलेले असताना ओलाव्यावर उगवलेले कोवळे गवत जनावरांना मिळते. डांगी जात मुसळधार पावसात टिकून राहणारी म्हणून प्रसिद्ध आहे. पण चैत्र-वैशाखात चारा लागतो तो तिलाही.

भराव कसा पडतो

उन्हाळ्यात हा काठ पडीक रान वाटतो आणि त्याच्या नाशाची सुरुवात इथूनच होते. जागा पाहायला येणारा माणूस बहुधा मे महिन्यात येतो. समोर पाणी, मागे डोंगर आणि मधे मोकळी सपाटी असा देखावा त्याला दिसतो. गेल्या काही वर्षांत भंडारदऱ्याचे पर्यटन खूप वाढले आहे. पावसाळ्यापूर्वी काजवे, पावसात धबधबे, थंडीत पाण्याकाठचे तंबू असा जवळजवळ वर्षभर राबता असतो. पाण्याच्या जितके जवळ जावे तितके जागेचे भाडे वाढते. आपल्या सातबाऱ्याची जमीन काठापर्यंत आलेल्या मालकाला आणखी चार पावले पुढे सरकावेसे वाटते ते यामुळेच.

भराव एका रात्रीत क्वचितच पडतो. आधी पाण्याच्या बाजूला दगडांचा ताल रचतात. त्याच्या आत मुरूम ओततात आणि रोलर फिरवतात. पुढच्या पावसात भराव खचला की दगडी भिंत येते. मग सपाटीवर आधी तंबू, नंतर पत्र्याचे छप्पर आणि शेवटी पक्क्या खोल्या. प्रत्येक पायरी मागच्या पायरीची राखण म्हणून मागितली जाते, आणि चार-पाच वर्षांनी मूळ उतार कुठे होता हे सांगणारे फक्त जुने लोक उरतात.

हिशेब गुंठ्याचा मांडला तर नुकसान डोळ्यांपुढे येते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. तेवढ्या जागेवर दोन मीटर उंच भराव टाकायला सुमारे ७१ ब्रास मुरूम लागतो. ही माती पूर्ण साठ्याच्या रेघेखाली पडली तर तिने जागा घेतलेले पाणी होते सुमारे दोन लाख लिटर. अर्ध्या एकरावर हेच केले तर चाळीस लाख लिटर. अकरा टीएमसीपुढे हा आकडा लहान दिसतो, पण त्याच मातीखाली गवत, अंडी आणि गाळ अडवणारी सपाटीही गाडली जाते. शिवाय एका भरावाला अडून पाणी शेजारच्या काठाला घासते, तिथली माती सुटते आणि शेजारीही भिंत मागू लागतो. आणि हा ७१ ब्रास मुरूम कुठून तरी खणून आणलेला असतो. म्हणजे एक काठ भरताना दुसरी टेकडी पोखरली जाते.

कायद्याचे कवच आणि त्यातली फट

पाणथळ जागांच्या रक्षणाचा जागतिक करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी झाला आणि भारत त्यात १९८२ साली सामील झाला. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणजे निफाड तालुक्यातले नांदूर मधमेश्वर. त्याची घोषणा २०२० च्या जानेवारीत झाली. ही जागाही धरणातून जन्मलेली आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावर ब्रिटिश काळात बंधारा बांधला, त्यात गाळ साठला, उथळ पाणी पसरले आणि पक्षी आले. माणसाने बांधलेले पाणीही कालांतराने पाणथळ म्हणून जगू लागते, हे तिथे दिसते.

देशातल्या पाणथळ जागांसाठी आजचे मुख्य नियम २६ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर झाले. त्यानुसार रामसर स्थळे आणि राज्याने अधिसूचित केलेल्या पाणथळ जागा यांचे रूपांतर आणि अतिक्रमण यांना मनाई आहे. दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून पन्नास मीटरच्या आत, बोटीचा धक्का वगळता, कायमचे बांधकाम करता येत नाही. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय या नियमांतल्या व्याख्येबाहेर ठेवले आहेत. भंडारदरा आणि निळवंडे यांच्या काठाला केवळ या नियमांचा आधार पुरत नाही तो या कारणाने.

पण इथला काठ उघड्यावर पडलेला नाही. इतर कायदे त्याला लागू आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या आणि तलाव यांची पात्रे शासनाच्या मालकीची आहेत, आणि कलम ५० नुसार शासकीय जमिनीवरचे अतिक्रमण काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. बुडीत क्षेत्रासाठी संपादित झालेल्या जमिनीवर जुन्या मालकाचा हक्क उरत नाही. पाणी ओसरल्यावर हंगामापुरती गाळपेर कसायला मिळाली म्हणून तिथे भराव घालण्याचा परवाना मिळत नाही. स्वतःच्या मालकीच्या शेतजमिनीतही हॉटेल किंवा तंबूनिवास उभारणे हा बिगरशेती वापर ठरतो. विनापरवाना मुरूम उपसला तर कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. भरावाविरुद्धचा हा सर्वांत हाताशी असलेला उपाय आहे, कारण मुरमाचा ढीग डोळ्यांना दिसतो आणि मोजता येतो.

रतनवाडी, साम्रद, घाटघर ही गावे १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २९ नुसार अभयारण्यातला अधिवास बिघडवणे किंवा पाण्याचा प्रवाह वळवणे यांना परवानगीशिवाय बंदी आहे. तालुक्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात असल्याने, अशा क्षेत्रांतल्या पंचायतींसाठी असलेल्या पेसा कायद्यानुसार ग्रामसभेला जमीन आणि पाणी यांच्या बाबतीत अधिकार आहेत. महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासींची जमीन बिगरआदिवासीकडे परवानगीशिवाय जात नाही. धरणासाठी आधीच एकदा जमीन गमावलेल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांना या तरतुदीचा आधार मोठा आहे. काठ राखणे आणि त्यांची उरलेली जमीन राखणे ही इथे एकच गोष्ट आहे.

काही निकाल

पवई तलाव १८९१ साली मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधला गेला. त्याच्या काठाने सायकल मार्ग बांधायचे महापालिकेने ठरवले आणि जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्या काठावर रचायला सुरुवात केली. काठावर प्रत्यक्ष दगडच पडत होते. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी हे काम बेकायदा ठरवून ते काढून टाकण्याचा आणि जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. पवई हाही बांधीव तलाव आहे, पण राष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा म्हणून नियमांतली मनाई त्याला लागू ठरली. त्याआधी, २०१३ पासून, ‘वनशक्ती’ संस्थेच्या जनहित याचिकेत याच न्यायालयाने राज्यातल्या पाणथळ जागांवरचे भराव रोखणारे आदेश दिले होते.

मालकाच्या हक्काचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे सोडवणारा निकाल अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला आहे. नोकेबे नावाच्या तलावाकाठी १९६१ साली एका दांपत्याने जमीन घेतली. १९६७ साली स्थानिक प्रशासनाने काठावर भराव घालण्यासाठी परवाना सक्तीचा केला. पुढच्याच वर्षी मालकाने परवान्याशिवाय काठाच्या दलदलीवर वाळू ओतली आणि आपली जमीन वापरण्यावर बंधन म्हणजे मोबदला न देता ती काढून घेणे होय, असा दावा मांडला. १९७२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. जमिनीचा मूळ निसर्ग बदलून इतरांच्या पाण्याला धक्का पोचेल असा वापर करण्याचा अमर्याद हक्क कोणत्याही मालकाला नसतो, हे त्या निकालाचे सार. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीकाठच्या हॉटेलच्या प्रकरणात हेच तत्त्व वेगळ्या वाटेने मांडले : नद्या आणि त्यांचे काठ शासनाकडे लोकांची ठेव म्हणून आहेत, ती ठेव खासगी सोयीसाठी देता येत नाही. जगपाल सिंग प्रकरणात २०११ साली न्यायालयाने गावतळ्यावर भराव टाकून केलेले अतिक्रमण काढण्याचे आदेश देताना सर्व राज्यांना सामायिक जागा मोकळ्या करण्याच्या योजना आखायला सांगितल्या.

राखणीची कामे

काठाच्या रक्षणातले पहिले काम म्हणजे हद्द ठरवणे. पूर्ण संचय पातळी कुठे, पूररेषा कुठे आणि संपादित जमिनीची सीमा कुठे, या तीन वेगवेगळ्या रेघा आहेत. पाटबंधारे आणि भूमी अभिलेख खात्यांनी संयुक्त मोजणी करून दगड रोवले तरच त्या जमिनीवर दिसतात. दगड हलवले जातात, म्हणून त्यांची जागा नकाशावर अक्षांश-रेखांशासह नोंदवलेली असावी लागते. जलाशय भरलेला असतानाचे उपग्रह चित्र हीही उत्तम साक्ष आहे. कोणत्या वर्षी पाणी कुठवर होते ते त्यात तारखेसह असते.

दुसरे काम वेळेचे. ताल रचला जात असतानाच पंचनामा झाला आणि काम थांबवण्याची नोटीस गेली तर चार गाड्या मुरूम उचलून प्रश्न मिटतो. खोल्या उभ्या राहिल्यावर तोच प्रश्न वर्षानुवर्षे न्यायालयात अडकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे पर्यावरणाचा वाद नेण्याची मुदत वादाचे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आहे, आणि जागा पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षांची. म्हणून तक्रारीत गट क्रमांक, तारखेसह छायाचित्रे आणि भरावाची अंदाजे लांबी-रुंदी असली पाहिजे. ग्रामसभेचा ठराव जोडला तर ती साऱ्या गावाची तक्रार ठरते. मे महिन्यात एकदा आणि धरण भरल्यावर एकदा अशा वर्षातून दोन शिवारफेऱ्या काठाने काढल्या तर नवा भराव नजरेतून सुटत नाही.

तिसरे काम, जगण्याची सोय. काठावर पाहुणे ठेवून चार पैसे मिळवणारी स्थानिक कुटुंबे काठाचे शत्रू नाहीत. गावठाणात किंवा वरच्या माळावर घरगुती निवास, पाण्यापासून ठरलेल्या अंतरावर हंगामी तंबू, मैल्यासाठी शोषखड्डे आणि काजव्यांच्या काळात दिव्यांवर मर्यादा, असे गावाने ठरवले तर उत्पन्नही राहते आणि काठही. गाळपेर कसणाऱ्याने बांध न घालता, कमी खतात, पाणी चढण्याआधी निघणारे पीक घेतले तर तीही शेती पाण्याशी जुळणारी होते.

भराव पडून गेला असेल तर तो काढताना फक्त माती उचलून भागत नाही. जुना उतार परत घ्यावा लागतो, रोलरने दाबलेला थर खणून सैल करावा लागतो आणि अडवलेला ओहोळ मोकळा करावा लागतो. खालच्या गाळात दबलेले बी आणि शेजारच्या काठावरचे लव्हाळे यांना पाणी मिळाले की बरीचशी हिरवळ आपोआप परतते. जिथे परतत नाही तिथे स्थानिक गवताचे ठोंब लावतात. हे काम उन्हाळ्यात, पाणी सर्वांत खाली असताना, पहिल्या पावसाच्या आत पुरे करायचे असते. पुढच्या श्रावणात फुगवटा जुन्या रेघेपर्यंत चढला आणि चढणीचे मासे त्या गवतात शिरले, की काठ परत मिळाला असे म्हणता येते.