बुंधा, फांदी आणि आमची घाई

आमच्या आवारातील विहिरीच्या कठड्याला भेग पडली होती आणि त्या भेगेत वडाची २ रोपे उगवली होती. पाखरांची कृपा! राहू दिली असती तर मुळांनी कठडा फोडला असता, म्हणून ती काढणे भाग होते. धर्मग्रामातील तरुण ती उकिरड्यावर टाकायला निघाले, पण आम्हांला बोन्साय करण्याची हौस आली. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ ताटलीत लावलेले झाड असा आहे. आपल्याकडे काही जण त्याला वामनवृक्ष म्हणतात. खैरलांजीसारख्या धानाच्या मुलखात हा शहरी छंद कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येईलच, कारण या छंदाने आम्हांला आंब्या-पेरूविषयीही काही शिकविले.

दोन्ही रोपे सारख्याच वयाची. त्यातले चांगले दिसणारे आम्ही सुबक कुंडीत लावले आणि पहिल्याच वर्षी त्याच्या खालच्या सगळ्या फांद्या सिकेटरने छाटून टाकल्या. खोड मोकळे दिसावे, वर छत्री यावी, हा हेतू. दुसरे रोप फुटक्या कुंडीत विहिरीमागे पडून राहिले. त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. कुंडीच्या भोकातून त्याची मुळे जमिनीत उतरली आणि फांद्या वाटेल तशा पसरल्या.

३ वर्षांनी पाहतो तो काय? आमच्या लाडक्या झाडाचे खोड बोटाएवढे, खालीवर सारखेच जाड, जणू विजेचा खांब. आणि त्या दुर्लक्षित झाडाचा बुंधा मनगटाएवढा, वर निमुळता होत गेलेला!

याचे कारण समजून घेतले पाहिजे. पाने उन्हात अन्न तयार करतात आणि ते सालीतून खाली उतरते. प्रत्येक फांदी आपल्या सांध्याच्या खालचे खोड पोसते. शेंड्याची पाने सबंध खोडाला थोडे थोडे देतात, पण सर्वांत खालची फांदी जे देते ते बहुतेक बुंध्याला आणि मुळांना मिळते. खालच्या फांद्या काढल्या की बुंध्याचा ताटातला घास काढला. जमिनीत उतरलेल्या मुळांनीही दुसऱ्या झाडाला हात दिला, हे खरे. पण निमुळतेपणा आला तो खालच्या फांद्यांमुळेच.

म्हणजे जी फांदी शेवटी नको आहे, तीच काही वर्षे हवी असते. जाणकार अशी एक फांदी मागच्या बाजूला बुंध्याजवळ मुद्दाम मोकाट वाढवतात. ती दिसायला ओंगळ असते. पाहुणे विचारतात, ‘फादर, ही कापायची राहिली का?’ राहू द्यावी. मात्र ती खोडाच्या निम्म्या जाडीची होऊ लागली की काढावी. त्याहून उशीर केला तर जखम मोठी होते आणि भरून येत नाही.

प्रमाणाचा ठोकताळा असा. बुंधा २ इंच जाड असेल तर झाडाची उंची साधारण त्याच्या सहापट, म्हणजे १२ इंच ठेवावी. पहिली फांदी उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ४ इंचांवर घ्यावी. सांध्यापाशी फांदीची जाडी खोडाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असावी, निम्म्याच्या वर नसावी. वर जाल तसतशा फांद्या बारीक आणि आखूड हव्यात.

अडचण अशी की बहुतेक झाडांचा जोर शेंड्याकडे असतो. सगळीकडे सारखी कात्री चालवली तर वरच्या फांद्या जाड आणि खालच्या काडीसारख्या होतात. म्हणून वर वारंवार खुडावे, खाली क्वचित. बारीक फांदी जाड करायची असेल तर तिला एक पावसाळा हात लावू नये आणि टोक वर उचललेले ठेवावे. तारेने खाली वाकवणे मागाहून. जाड झालेली फांदी बारीक करण्याचे औषध मात्र नाही. ती कापून नवा फुटवा धरावा लागतो. वड, पिंपळ, उंबर या बाबतीत उदार आहेत. त्यांना पहिल्या पावसाबरोबर कापावे. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि हात लगेच धुवावेत.

आता परसातल्या झाडांकडे वळू. आंब्याचे किंवा पेरूचे रोप लावले की आपण खालच्या डहाळ्या ओरबाडतो आणि खोड बांबूला घट्ट आवळतो. झाड लवकर उंच होते, पण खोड लुकडेच राहते, आणि वैशाखातल्या वावटळीत कमरेतून मोडते. पहिली एकदोन वर्षे त्या डहाळ्यांचे फक्त शेंडे खुडावेत. बोटाएवढ्या झाल्या की काढाव्यात. बांबूचा बंद सैल ठेवावा, कारण वाऱ्याने डोलणारे खोड अधिक बळकट होते. कलमाच्या जोडाखालचे फुटवे मात्र दिसताक्षणी काढावेत, तेथे दयामाया नाही. आणि खोडाच्याच जाडीची फांदी बेचक्यात वाढत असेल तर ती लहानपणीच आखडावी. अशीच जोडी पुढे फळांच्या भाराने उभी फाटते.

एक आरोग्याची गोष्ट. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचते आणि त्यात डास अंडी घालतात. अंड्याचा डास व्हायला आठदहा दिवस पुरतात. आपल्या जंगलपट्टीला हिवताप नवा नाही. दर रविवारी ताटली उपडी करून घासावी किंवा तिच्यात वाळू भरावी.

धीर किती धरावा याला मर्यादा नाही. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे १६२५ सालापासून जोपासलेले पाइनचे बोन्साय होते. ते १९४५ च्या अणुबाँबमधून वाचले आणि १९७६ साली त्यांनी ते अमेरिकेला भेट दिले. आज ते वॉशिंग्टनला आहे. लूकच्या शुभवर्तमानातील माळ्याने अंजिराच्या झाडासाठी एकच वर्ष मागितले होते. वडही अंजिराच्याच कुळातला, पण आमच्या घाईने त्याची ३ वर्षे गेली.

ते बोटाएवढे झाड यंदा पहिल्या पावसात जमिनीपासून ४ बोटांवर कापले. ३ फुटवे आले आहेत. एकही काढलेला नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रविवारी मिस्सानंतर विहिरीकडे यावे. सिकेटर घरी ठेवून यावे.