जठराचा कर्करोग : उदरपोकळीतील सुट्या पेशींचा शोध

हिंगोली-वाशीम मार्गावरील कनेरगाव नाक्यासारख्या गावातून जठराच्या कर्करोगाचा रुग्ण नांदेड, छत्रपती संभाजीनगर अथवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट धरतो, तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो : गाठ काढली म्हणजे रोग गेला काय? गाठ व लगतच्या लसिकाग्रंथी पूर्णपणे काढूनही अनेकदा रोग उदरावरणावर पुन्हा उद्भवतो. गाठ जठराची भिंत भेदून बाह्य आवरणापर्यंत पोहोचली, की तिच्या पेशी सुटून उदरपोकळीत पडतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, सी.टी. स्कॅनमध्येही नाहीत.

त्यांचा शोध घेण्याची रीत साधी आहे. गाठीला हात लावण्यापूर्वी सुमारे १०० ते २०० मिलिलिटर सलाइन उदरपोकळीत सोडून ते हलकेच ढवळतात व ओटीपोटाच्या तळाशी साचलेला द्रव शोषून घेतात. प्रयोगशाळेत तो वेगाने फिरवून खाली बसलेला साका काचपट्टीवर पसरवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कठीण भाग येथेच आहे. उदरावरणाच्या स्वतःच्या पेशी दाहामुळे बदलल्या, तर त्या कर्करोगाच्या पेशींसारख्याच भासतात. शिवाय पेशी मोजक्या असल्यास नजरेतून निसटतात. म्हणून निरंक अहवाल ही निश्चिती नव्हे. कर्करोगपेशींतील सी.ई.ए. जनुकाचा आर.एन.ए. शोधणारी पी.सी.आर. चाचणी अधिक संवेदनशील आहे, परंतु ती कधी कधी नसलेला रोगही दाखवते.

अहवाल सकारात्मक आला तर? अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या २०१० पासून लागू झालेल्या सातव्या आवृत्तीनुसार अशा रुग्णाचा रोग चौथ्या अवस्थेत गणला जातो, मग पोटात दुसरी गाठ दिसो वा न दिसो. अशा वेळी प्रथम केमोथेरपी देणे श्रेयस्कर ठरते. तिच्यानंतर धुवण निरंक झालेल्या रुग्णांचे आयुर्मान तुलनेने अधिक आढळते. केवळ भरपूर सलाइनने पोट धुऊन या पेशी हटत नाहीत. आशियातील ८०० रुग्णांच्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्सपेल' चाचणीत १० लिटर सलाइनने धुऊनही जगण्याचा काळ वाढला नाही.

म्हणूनच तपासणीची वेळ निर्णायक ठरते. मुख्य शस्त्रक्रियेच्या वेळीच द्रव घेतला आणि अहवाल काही दिवसांनी आला, तर तोवर जठर काढून झालेले असते. गाठ खोलवर गेलेली असल्यास आधी दुर्बिणीने पोट तपासून द्रव घेणे अधिक योग्य, मग त्यासाठी कनेरगावच्या रुग्णाला एक खेप जास्त करावी लागली तरी.