गाळा एकीकडे, गोदाम दुसरीकडे

खराडीच्या ईऑन आयटी पार्कवरून जाताना आपल्यापैकी अनेकांना वाटते, या काचेच्या इमारतींशी आपल्या धंद्याचा काय संबंध? परंतु भवानी पेठेतील फर्निचरवाला किंवा कॅम्पातील कापड व्यापारी आज वेबसाइटवर ऑर्डर घेतो, तेव्हा त्याची वही दूरच्या कुठल्यातरी संगणकात लिहिली जाते. ती नेमकी कुठे आहे हे त्याला सहसा ठाऊक नसते.

वेबसाइट बहुधा 'व्हर्च्युअल मशीन'वर चालते. एका मोठ्या इमारतीत गाळे पाडावेत, तसे एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वापरता येतो. गाळा बिघडला तर दुसरा भाड्याने मिळतो. पण मालाचे फोटो, गिऱ्हाइकांची नावे, ऑर्डरी आणि घेतलेला बयाणा यांची नोंद त्याच गाळ्यात असेल, तर गाळ्याबरोबर तीही जाते. बयाणा ही तर अमानत आहे. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

यावर उपाय असा की, फोटो व बिलांच्या प्रती 'ऑब्जेक्ट स्टोरेज' या वेगळ्या गोदामात ठेवाव्यात. ॲमेझॉनने अशी सेवा एस-थ्री या नावाने २००६ साली सुरू केली; आता अनेक कंपन्या ती देतात. ऑर्डरींचा डेटाबेस वेगळ्या डिस्कवर असावा. मग मशीनमध्ये केवळ प्रोग्राम उरतो आणि तो पुन्हा बसवणे फारसे अवघड नसते. गोदाम मात्र सर्वांना उघडे ठेवू नये. मालाचे फोटो जगाने पाहावेत, बिले नव्हेत.

येथे एक गैरसमज फार आढळतो. संपूर्ण मशीनची प्रतिमा, म्हणजे 'स्नॅपशॉट', घेतली की बॅकअप झाला असे समजतात. काही कंपन्यांकडे मशीन रद्द करताच त्याचे आपोआप घेतलेले बॅकअपही पुसले जातात! शिवाय एक फोटो परत हवा असला तरी बहुधा अख्खी प्रतिमा उलगडावी लागते. डेटाबेसचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या साधनाने काढावा. चालू असताना नुसत्या फाइली उचलल्या तर नोंदी अर्धवट येण्याचा धोका असतो.

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबूर येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत जळाले. ज्यांचे बॅकअप त्याच ठिकाणी होते, त्यांचे दोन्ही गेले. कोड स्पेसेस या कंपनीला तर आगीचीही गरज पडली नाही. जून २०१४ मध्ये घुसखोराने तिच्या खात्याचा ताबा घेऊन माल आणि बॅकअप दोन्ही पुसले, आणि कंपनी बंद पडली. म्हणून बॅकअपचे खाते व पासवर्ड वेगळे हवेत. जागाही वेगळी हवी. मायक्रोसॉफ्टची पुण्यात आणि चेन्नईत अशी दोन्हीकडे केंद्रे आहेत. पुण्यात वेबसाइट असेल तर प्रत चेन्नईत ठेवता येते. पानशेतचे पाणी १९६१ साली पेठांत शिरले, त्या शहराला हे पटायला हरकत नाही.

वेबसाइट सांभाळणाऱ्याला एवढेच विचारा : आज मशीन पुसले, तर कालच्या ऑर्डरी कुठून आणि किती वेळात आणाल? 'बॅकअप आहे' या उत्तरावर थांबू नका. रमजानची गर्दी सुरू होण्याआधी त्याच्याकडून दुसऱ्या कोऱ्या मशीनवर तो बॅकअप उघडून घ्या आणि शेवटची दहा बिले स्वतः ताडून पाहा.