पेट्रोलचा दर आणि कष्टकऱ्याचा खिसा

पेट्रोलचा दर वाढला की आपण सरकारला दोन शब्द सुनावतो आणि गाडी पुढे काढतो. परंतु हा दर ठरतो कसा, हे समजून घेण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. टेम्पो चालवून पोट भरणाऱ्या, स्कूटरवरून कामावर जाणाऱ्या आपल्या बांधवांनी ते समजून घेतले पाहिजे. ज्यांच्या दारात गाडी नाही त्या भगिनींनीसुद्धा. कारण डिझेल महागले की ट्रकचे भाडे वाढते आणि त्यापाठोपाठ भाजीही महागते.

आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल परदेशातून आणतो. ते पिंपाच्या मापाने, बहुतेक डॉलरमध्येच घ्यावे लागते. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. त्यामुळे तेल महागले तरी फटका बसतो आणि रुपया घसरला तरी बसतो. त्यावर शुद्धीकरणाचा व वाहतुकीचा खर्च, केंद्राचे उत्पादन शुल्क, पंपमालकाचे कमिशन आणि राज्याचा व्हॅट चढतो. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा पेट्रोल-डिझेल त्याबाहेर ठेवण्यात आले.

पेट्रोलचे दर २०१० साली आणि डिझेलचे २०१४ साली सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. दर बाजाराप्रमाणे चालले तर तेल स्वस्त होताच ग्राहकालाही ते स्वस्त मिळायला हवे. पण २०२० च्या टाळेबंदीत कच्चे तेल कोसळले, तेव्हा मे महिन्यात केंद्राने लिटरमागे पेट्रोलवर १० व डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. स्वस्ताईचा लाभ तिजोरीत गेला. मे २०२१ अखेर मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. पुढे नोव्हेंबर २०२१ व मे २०२२ मध्ये केंद्राने कर घटवला. जुलै २०२२ मध्ये राज्यानेही पेट्रोलवर ५ व डिझेलवर ३ रुपये कमी केले. म्हणजे दर केवळ अरबस्तानात ठरत नाही. दिल्लीत आणि मुंबईतही ठरतो.

हा कर माणसाची ऐपत पाहत नाही. आलिशान मोटारीचा मालक आणि टेम्पोचालक लिटरमागे सारखाच कर भरतात. १९२७ साली मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्यातील नेमका हाच अन्याय दाखवला होता. थोड्या उत्पन्नाच्या माणसाला प्राप्तिकर माफ, पण एक-दोन एकरवाल्या गरीब शेतकऱ्याला सारा माफ नाही! कर ऐपतीप्रमाणे असावा, ही त्यांची भूमिका पेट्रोलपंपावरही लागू पडते.

आपल्या हाती काय आहे?

कर आपल्या हाती नाही, पण खर्च बराचसा आहे. टायरमधील हवा आठवड्याला तपासा. कमी हवेने इंजिनावर ताण पडतो आणि तेल जास्त जळते. एअर फिल्टर स्वच्छ ठेवा. वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर ठेवल्यास तेल कमी लागते. क्लच किंवा ब्रेकवर विनाकारण पाय ठेवून गाडी चालवू नका. सिग्नलला बराच वेळ थांबायचे असेल तर इंजिन बंद करा.

पंपावर मीटर शून्यावर आहे का, ते पाहा. मापाची शंका आली तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी करून मागा. भेसळीची शंका आली तर फिल्टर पेपर मागा. शुद्ध पेट्रोलचा थेंब उडून जातो, डाग राहत नाही. हे दोन्ही ग्राहकाचे हक्क आहेत. पंपवाल्याने टाळाटाळ केली तर वैधमापन शास्त्र विभागाकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. त्यासाठी पावती जपून ठेवा.

घरात एक वही करा. टाकी भरताना किलोमीटर लिहा, पुन्हा भरताना लिटर लिहा. हा हिशेब शिकणाऱ्या मुलामुलींकडे सोपवा. रोज दोन लिटर जाळणाऱ्याने दहावा हिस्सा वाचवला तरी महिन्याला सहा लिटर वाचतात. त्या पैशांत मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च निघू शकतो.

आणि मत मागायला कोणी वस्तीत आला, तर त्याला हीच वही दाखवून विचारा : आमच्या प्रत्येक लिटरमागे तुम्ही किती कर घेता, आणि त्यातून आमच्या वस्तीला काय देता?